ग्रंथ आणि फासा

बुद्धिबळाच्या डावाचा प्रारंभ पिढ्यानपिढ्यांच्या ग्रंथांनी ठरवावा की फाशाच्या लहरीवर सोडावा, हा प्रश्न पटावर वेळ घालवणाऱ्या षोकिनांपुरताच आहे असे पुष्कळ दिवस मानले जात असे. परंतु माणसापेक्षा संगणक हा खेळ अधिक बळकट खेळू लागला, आणि एका संगणकाची परीक्षा दुसऱ्या संगणकावाचून कोणी घेऊ शकेनासे झाले, तेव्हापासून त्या प्रश्नास भलतेच महत्त्व आले आहे. गिरगावात आमच्या शेजारच्या चाळीत याच प्रश्नावरून एका मामा-भाच्यामध्ये जी तकरार झाली तिचा मी साक्षीदार आहे. मामा धोबीतलावच्या लघुवाद न्यायालयातून सिरस्तेदार म्हणून निवृत्त झालेले, दस्तऐवजांच्या धुळीत आयुष्य गेलेले आणि म्हणूनच दस्तऐवजांवर श्रद्धा असलेले गृहस्थ. भाचा लालबागचा, १९८२ च्या संपात वडिलांची गिरणीतली नोकरी गेली तरी हिकमतीने शिकून संगणकाचे प्रोग्रॅम लिहू लागलेला, आणि रात्री घरचा संगणक बुद्धिबळाच्या इंजिनांच्या झुंजींसाठी मोकळा सोडून स्वस्थ झोपी जाणारा. कारण किरकोळच होते. चाळ पुनर्विकासाला जाणार म्हणून मामा कपाट आवरीत होते, आणि भाच्याने पाच जाडजूड खंड हातात तोलून, हे रद्दीत घालायचे ना, असे विचारले.

मामा : रद्दीत? अरे, बेलग्रेडच्या मंडळींनी १९७४ पासून सिद्ध केलेला हा प्रारंभांचा ज्ञानकोश आहे. पाच खंड, खंडागणिक शंभर, असे एकूण पाचशे विभाग. जगातल्या कोणत्याही डावाची पहिली पावले कोणत्या सदरात रुजू करायची याचा फैसला ह्यात मिळतो. आमच्या कोर्टात पूर्वीच्या निवाड्यांची नजीर न पाहता कोणी वकील उभा राहिला, तर त्याला कोणी प्रतिभावान म्हणत नसे, आळशी म्हणत.

भाचा : नजीर वकिलाने वाचावी, मामा, माझी हरकत नाही. पण नुसती नजीर वाचून दाखवणाऱ्यालाच आपण न्यायाधीश म्हणू लागलो तर? ११ मे १९९७ चा न्यूयॉर्कमधला तो सहावा डाव आठवा. कास्पारोव्हने कारो-कान बचाव घेतला आणि सातव्या खेळीला हत्तीसमोरचे प्यादे एक घर सरकवले. त्यावर आयबीएमच्या डीप ब्लूने सरळ घोडा बळी दिला, आणि एकोणिसाव्या खेळीला जगज्जेता उठून गेला. दुसऱ्या दिवशी यंत्राला बुद्धी फुटली म्हणून जगभर बोभाटा झाला. वस्तुतः तो घोडा यंत्राने विचार करून दिलाच नव्हता. ती खेळी त्याच्या प्रारंभ-पुस्तकात आधीच लिहून ठेवलेली होती. जोएल बेंजामिन आणि इतर ग्रँडमास्टरांनी सुमारे चार हजार मांडण्या त्या पुस्तकात हाताने भरल्या होत्या, आणि त्याखेरीज ग्रँडमास्टरांच्या सात लाख डावांचा गोषवारा यंत्राच्या पोटात होता.

मामा : आणि कास्पारोव्ह काय संन्यासी होता? घरून तयारी करून येण्यात त्याचा हात धरणारा त्या काळी दुसरा नव्हता. दोन्ही पक्ष नजिरांवरच उभे होते. त्या दिवशी एकाची तयारी तोकडी पडली, एवढाच त्याचा अर्थ. त्याच साली आपल्या मुंबईचे प्रवीण ठिपसे ग्रँडमास्टर झाले, ते काय ग्रंथ न उघडता झाले असतील?

ह्या ठिकाणी एक गोष्ट नमूद करणे अवश्य आहे. डीप ब्लूच्या त्या डावाविषयी भाच्याने जे सांगितले ते खरे असले, तरी पुस्तकातून बाहेर पडल्यावर उरलेला डाव यंत्रानेच जिंकला, आणि घोड्याच्या मोबदल्यात मिळालेल्या आक्रमणाचे विजयात रूपांतर करणे हे काम काही सामान्य नव्हे. वादात अर्धे सत्य जोराने मांडण्याची खोड दोन्ही पक्षांना होती. मी ती दोघांनाही माफ केली.

भाचा : बरे, ग्रंथ न उघडता कोण मोठा झाला तेही सांगतो. मीर सुलतान खान. पंजाबातल्या एका जमीनदाराच्या पदरचा माणूस, देशी पद्धतीचे बुद्धिबळ खेळून वाढलेला. १९२९ साली विलायतेस गेला आणि त्याच वर्षी ब्रिटिश अजिंक्यपद घेऊन मोकळा झाला. मग १९३२ साली पुन्हा, १९३३ साली पुन्हा. हेस्टिंग्जला त्याने साक्षात कापाब्लांकाला हरवले.

मामा : आणि सुरुवातीला दर डावात मार खाई, ते का गाळतोस? मध्यात आणि शेवटी त्याच्यासारखा चिवट खेळाडू नव्हता, पण पहिल्या दहा खेळ्यांत तो जे गमावी ते भरून काढण्यात त्याचा निम्मा जीव जाई. ग्रंथ त्याच्या हाती लहानपणी पडले असते, तर तो कोठवर गेला असता याचा विचार कर.

भाचा : तुम्ही म्हणता त्यातच माझा मुद्दा आहे. देशी पद्धतीत प्यादे पहिल्या खेळीलाही एकच घर चाले, आणि दोन्ही फौजांची गाठ पडायला वेळ लागे. त्यामुळे प्रारंभाची एवढी मोठी बखर लिहिण्याची कोणाला गरजच पडली नाही. डावाचे खरे दैवत पटाच्या मध्यभागी होते.

मामा : बखर नव्हती असे कोणी सांगितले? पेशवाई अद्याप बुडालेली नव्हती, तेव्हाची गोष्ट. १८१४ साली ह्याच मुंबईत त्रिवेंगडाचार्य शास्त्र्यांचा बुद्धिबळावरचा ग्रंथ संस्कृतावरून इंग्रजीत उतरवून छापला गेला. तेव्हा गिरगावात नारळी-पोफळीच्या वाड्या होत्या, आणि आपल्याकडे बुद्धिबळाचा छापील ग्रंथ होता!

मामांचा हा बाण वर्मी लागेल असे मला वाटले होते. परंतु भाचा हसला, कारण तो ग्रंथ त्याला ठाऊक होता, आणि त्याचा आशय मामांच्या पक्षापेक्षा त्याच्याच पक्षाला अधिक अनुकूल होता.

भाचा : त्या ग्रंथात प्रारंभ कितीसे आहेत, मामा? त्यात मुख्यतः मांडण्या आहेत. राजा इथे, हत्ती तिथे, प्यादी अशी. आता अमुक खेळ्यांत मात करून दाखवा. शास्त्रीबोवा वाचकाला डावाच्या ऐन मध्यात नेऊन बसवतात. मागे काय घडले ते विचारू नकोस, समोर आहे त्याचा निकाल लाव, असे ते सांगतात. फिशरने दुसरे काय सांगितले?

मामा : फरक आहे. शास्त्रीबोवांच्या मांडण्या निवडलेल्या आहेत. तुझ्या फिशरच्या फेकलेल्या आहेत.

माझ्या मते सगळ्या वादाचे मर्म मामांच्या ह्या एका वाक्यात होते. तथापि त्याची किंमत त्या क्षणी खुद्द मामांच्याही ध्यानात आली नसावी, कारण त्यांनी लगेच चहा मागवला आणि बोलणे फिशरवर गेले.

बॉबी फिशरने जून १९९६ मध्ये ब्वेनोस आयरेस येथे आपली नवी पद्धत जाहीर केली. प्यादी जागच्या जागी, परंतु मागची आठ मोहरी दर डावाला चिठ्ठी टाकून मांडायची. अट एवढीच की दोन उंट भिन्न रंगांच्या घरांत पडावेत आणि राजा दोन हत्तींच्या मध्ये असावा, म्हणजे कॅसलिंगचा हक्क शाबूत राहतो. दोन्ही बाजूंची मांडणी एकमेकींचे प्रतिबिंब. उंटांच्या जागा सोळा प्रकारे, उरलेल्या सहा घरांत वजीर सहा प्रकारे, पाच घरांत दोन घोडे दहा प्रकारे, आणि राहिलेल्या तीन घरांत हत्ती-राजा-हत्ती हा एकच क्रम, गुणाकार ९६०. आपण रोज मांडतो तो पट ह्या ९६० पैकी एक आहे, आणि प्रचलित क्रमवारीत त्याचा क्रमांक ५१८ आहे. २०१९ साली जागतिक संघटनेच्या मान्यतेने ह्या पद्धतीचे पहिले विश्वविजेतेपद नॉर्वेत झाले, तेव्हा नेहमीच्या बुद्धिबळातील जगज्जेत्या कार्लसनला वेस्ली सो याने साडेतेरा विरुद्ध अडीच अशा फरकाने धूळ चारली.

भाचा : पाहा! पाठांतराची कुबडी काढून घेतल्याबरोबर निकाल बदलला.

मामा : एका सामन्यावरून कायदा करू नये. आणि ज्या फिशरचा तू हवाला देतोस, त्याच्याइतका ग्रंथांत बुडालेला खेळाडू दुसरा झाला नाही. ज्याने सगळे वाचून संपवले त्याला वाचनाचा कंटाळा येणे शोभते. तुमच्या पिढीला वाचण्याआधीच कंटाळा येतो. आणि यंत्राचेच म्हणशील, तर ते अल्फाझीरो तुझ्याविरुद्ध साक्ष देते. २०१७ साली त्याला नुसते नियम सांगितले. एक पुस्तक नाही, एक जुना डाव नाही. ते स्वतःशीच खेळत शिकले, आणि स्टॉकफिश ह्या इंजिनाशी शंभर डाव खेळून अठ्ठावीस जिंकले, बाकीचे सगळे बरोबरीत सोडवले, एकही हरले नाही. बरोबर?

भाचा : बरोबर. पण त्या वेळी स्टॉकफिशला प्रारंभ-पुस्तक दिलेले नव्हते, म्हणून पुष्कळांनी हरकत घेतली होती.

मामा : ती हरकत तू तुझ्याजवळ ठेव, तुझ्याच मते पुस्तक कुबडी आहे ना? मला दुसरे सांगायचे आहे. ज्याने आयुष्यात ग्रंथ पाहिला नाही ते यंत्र स्वतःच्या बुद्धीने खेळताना कोणते प्रारंभ निवडू लागले? वजिराच्या प्याद्याचा गॅम्बिट, इंग्लिश ओपनिंग. म्हणजे माणसांनी काही शतके रात्री जाळून जे ठरवले, तेच. बाबा रे, हे खंड म्हणजे नुसती घोकंपट्टी असती, तर कोऱ्या पाटीने आलेला परका त्याच निर्णयावर येता ना.

हे मामांच्या पक्षाचे सर्वोत्तम प्रतिपादन होते असे माझे प्रामाणिक मत आहे, आणि भाच्यालाही ते जाणवले असावे. कारण तो काही वेळ खाली रस्त्यावरची वर्दळ पाहत राहिला. मामांनी मात्र विजय पदरात पडल्याच्या समाधानात विषयांतर केले. इथून हाकेच्या अंतरावर नवाकाळकार खाडिलकरांचे घर. त्या घरातील वासंती, जयश्री आणि रोहिणी ह्या तीन बहिणींनी १९७४ साली सुरू झालेल्या महिलांच्या राष्ट्रीय अजिंक्यपदावर पहिले दशकभर दुसऱ्या कोणाचे नाव लागू दिले नाही. रोहिणीताई १९७६ साली पुरुषांच्या राष्ट्रीय स्पर्धेत उतरल्या तेव्हा त्यास हरकत घेतली गेली, प्रकरण उच्च न्यायालयापर्यंत गेले, आणि अखेर जागतिक संघटनेचे अध्यक्ष मॅक्स युवे ह्यांनी स्त्रियांना अशा स्पर्धांतून वगळता येणार नाही असा निर्वाळा दिला. हे युवे १९३५ साली आल्येखिनला हरवून जगज्जेते झालेले, प्रारंभांवर ग्रंथांमागून ग्रंथ लिहिलेले, आणि उत्तरायुष्यात हॉलंडमध्ये चक्क संगणकशास्त्राचे प्राध्यापक. मामांचे म्हणणे असे, की ग्रंथ आणि यंत्र ह्यांचे वैर त्या गृहस्थाला कधी जाणवले नाही, ते लालबागला कोठून दिसू लागले?

भाचा : वैर नाही, मामा. उलट आता खरे सांगतो. ग्रंथावाचून आमचे पान हलत नाही.

आणि मग त्याने जे विवेचन केले ते मी माझ्या शब्दांत देतो, कारण त्याच्या बोलण्यात यंत्रशास्त्राची परिभाषा फार होती. संगणकाला लहर नसते. दोन प्रोग्रॅम मूळ मांडणीपासून सारख्याच परिस्थितीत झुंजवले, तर ते बहुधा तोच डाव पुन्हा पुन्हा खेळत राहतील, आणि हजार डावांची चाचणी घेतली असे समजून आपण वस्तुतः एकाच डावाच्या हजार नकला मोजू. शिवाय आजची इंजिने इतकी बळकट झाली आहेत, की मूळ मांडणीपासून त्यांच्यातला डाव जवळजवळ हटकून बरोबरीत सुटतो. आणि प्रोग्रॅममध्ये केलेली सुधारणा इतकी सूक्ष्म असते, की तिचा प्रभाव पारखण्यास हजारो डाव लागतात. २०१३ पासून स्टॉकफिशच्या चाचण्या जगभरच्या स्वयंसेवकांच्या घरगुती संगणकांवर वाटून चालतात त्या याचसाठी. तेव्हा निरनिराळे प्रारंभ हवेत, आणि तेही असे, की कोणाचे तरी पारडे किंचित जड असावे. पूर्वी पुस्तक प्रोग्रॅमच्या हाती शस्त्र म्हणून दिलेले असे. अमक्या प्रतिस्पर्ध्याला अमक्या वाटेने गाठून मारायचे, अशी खास तरतूद करून पुस्तके रचली जात. आता ते शस्त्र खेळणाऱ्याच्या हातून काढून पंचाच्या दप्तरात जमा झाले आहे. इंजिनांच्या मोठ्या स्पर्धेच्या अंतिम सामन्यासाठी येरुन नूमन हे डच तज्ज्ञ मुद्दाम झुकते प्रारंभ निवडतात: पन्नास प्रारंभ, शंभर डाव, प्रत्येक प्रारंभ दोनदा, दुसऱ्या खेपेस रंग पालटून. जड बाजूने जिंकणे आणि हलक्या बाजूने तग धरणे ही दोन्ही ज्याला साधतात, त्याचा वरचष्मा.

मामा : म्हणजे शेवटी निवडलेलेच! फेकलेले नव्हे.

भाचा : फेकलेलेही चालते, रंग पालटण्याचा नियम पाळला तर. फासा आणा, दाखवतो.

सापशिडीच्या डब्यातून फासा निघाला. पांढऱ्याच्या डाव्या हातापासून घरे मोजायची, एक ते आठ. काळ्या घरांतल्या उंटासाठी भाच्याने फासा टाकला. तीन पडले, म्हणजे तिसरे काळे घर, पाचव्या क्रमांकाचे. पांढऱ्या घरांतल्या उंटासाठी प्रथम सहा पडले. घरे चारच असल्यामुळे फासा पुन्हा टाकला आणि एक पडले, म्हणजे दुसरे घर. उरलेल्या सहा घरांत वजिरासाठी सहा पडले आणि वजीर पार उजव्या कोपऱ्यात जाऊन बसला. घोड्यांसाठी एक आणि चार पडले. एक घोडा डाव्या कोपऱ्यात, दुसरा सातव्या घरात, वजिराच्या शेजारी. राहिलेल्या तीन घरांत हत्ती, राजा, हत्ती. डावीकडून वाचता पट असा झाला: घोडा, उंट, हत्ती, राजा, उंट, हत्ती, घोडा, वजीर.

मामांनी चष्मा पुसून पटाकडे पाहिले. वजीर कोपऱ्यात पाहून त्यांच्या कपाळाला जी आठी पडली ती काही क्षणांतच निवळली, आणि मग ते असे काही बोलले की ज्ञानकोशाच्या पाच खंडांत ते सापडणार नाही.

मामा : थांब. पांढऱ्याने सातव्या पट्टीतल्या घोड्यासमोरचे प्यादे एक घर सरकवले, की ह्या कोपऱ्यातल्या वजिराची तिरपी वाट मोकळी होते. ती थेट काळ्याच्या दुसऱ्या पट्टीतल्या प्याद्याला भिडते, आणि त्याच्यामागे कोपऱ्यात घोडा आहे. त्या प्याद्याला जोर कोणाचा? राजा लांब, उंटाच्या पुढचेच घर असले तरी उंट तिरपा चालतो, घोड्याची उडी तिथे पडत नाही. कोणाचाच नाही! पहिल्याच खेळीला काळा बचावावर. हा डाव पांढऱ्याचा आहे.

भाचा : निदान पुढाकार त्याचा. काळा मधे प्यादे घालून वाट अडवील, पण त्याची पहिली खेळी तुम्ही ठरवलीत, त्याने नाही. आता ह्या मांडणीवर एकच डाव खेळून मी पांढऱ्याने जिंकलो, तर तुम्ही मला शहाणा म्हणाल की फाशाला?

मामा : फाशाला. मला पांढरी दे. मग रंग पालटून पुन्हा.

त्या दोन डावांत कोण जिंकले ते सांगण्याचे प्रयोजन नाही. खंड रद्दीत गेले नाहीत, एवढे सांगतो. ते बांधून भाच्याच्या घरी लालबागला गेले, आणि तो ते वाचतो असे मामा सांगतात.

माझा निर्णय विचाराल तर तो असा: यंत्राच्या हाती प्रारंभ-पुस्तक देऊन त्याच्या विजयाचे कौतुक करणे मला पटत नाही, ते पुस्तक परीक्षकाच्याच हाती असावे. माणसाच्या हातून मात्र ते कोणी काढून घेऊ नये. कारण मामांना ते बिनजोर प्यादे एका दृष्टिक्षेपात दिसले याचे श्रेय मी फाशाला देत नाही, उभ्या आयुष्यातल्या वाचनाला देतो. फाशाने केले ते इतकेच, की पाठ असलेल्या खेळ्या बाद करून तो दृष्टिक्षेप टाकण्याची पाळी त्यांच्यावर पहिल्याच खेळीला आणली.

उन्हाळ्याच्या सुट्टीत गिरगाव, दादर, परळ ह्या भागांत मुलांच्या बुद्धिबळ स्पर्धा भरवणाऱ्या मंडळांस एक सूचना करावीशी वाटते. सगळ्या फेऱ्या नेहमीच्या पटावर घ्या. परंतु शेवटच्या दिवशी एक फेरी फाशाने मांडलेल्या पटावर ठेवा, सर्वांना तीच मांडणी द्या, आणि प्रत्येक जोडीला रंग पालटून दोन डाव खेळू द्या. घड्याळाचा वेळ निम्मा केलात तर वेळापत्रक बिघडणार नाही, आणि खर्च एका फाशाचा.